तिसऱ्या क्यूबचे बुडबुडे

१

वर्षभर पाण्यात पडून असलेला काँक्रीटचा ठोकळा बुडबुडे सोडत नाही. त्याच्या अंगातली बारीक भोकं पहिल्या काही दिवसांतच पाण्याने भरतात आणि मग तो गुपचूप तळाशी बसून राहतो. विद्यापीठाच्या सिमेंट प्रयोगशाळेत ही गोष्ट झाडू मारणारासुद्धा सांगेल. म्हणूनच त्या सकाळी टाकीचं झाकण उचलल्यावर तीन नंबरच्या क्यूबमधून बारीक बुडबुड्यांची सर वर येताना दिसली, तेव्हा वजनबाई झाकण हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

वजनबाई म्हणजे प्रयोगशाळेचं स्टोअर सांभाळणाऱ्या बाई. खरं नाव पगारपत्रकात होतं, पण तिथून ते कधी बाहेर पडलं नाही. वाळू असो, खडी असो की चिमूटभर रसायन, काट्यावर घातल्याशिवाय त्यांच्या दारातून काही आत येत नसे आणि बाहेर जात नसे. घरी चहात साखरही मोजून घालतात, असं पोरंपोरी म्हणायची. ते खोटं होतं. घरी एकटीच्या चहाला मोजायचं काय?

टाकीत तीन क्यूब होते. बरोब्बर एक वर्षापूर्वी जुन्या सरांनी ते स्वतःच्या हातांनी ओतले होते. नेहमीचं सिमेंट भाजताना धुराड्यातून कार्बनचे ढग निघतात. सरांचं अर्धंअधिक सिमेंट साध्या चिकणमातीचं होतं, निम्म्या आचेवर भाजलेलं. पंचवीस वर्षं ते त्या मातीमागे लागले होते. अठ्ठावीस दिवसांची परीक्षा पास झाली, पण समितीला वर्षाची ताकद हवी होती. ते क्यूब ओतून दोन महिन्यांनी सर गेले, आणि क्यूब मात्र चुन्याच्या पाण्यात वर्ष पुरं करत बसले. उद्या सकाळी अकराला ते मशीनखाली फोडायचे होते.

पाण्यात रंग टिकत नाही म्हणून प्रत्येक क्यूबला नायलॉनच्या दोरीने नंबरचा बिल्ला बांधायची सरांची पद्धत होती. वजनबाईंनी तिन्ही ठोकळे बाहेर काढले, फडक्याने टिपले आणि काट्यावर चढवले. पहिला आठ किलो दोनशे. दुसरा आठ किलो एकशे नव्वद. तिसरा सात किलो नऊशे दहा.

त्यांनी वर्षापूर्वीची वही काढली. साच्यातून निघाला तेव्हा तीन नंबरचं वजन आठ किलो एकशे साठ होतं. पाण्यात राहून कोणी वाळत नाही. कोणीतरी वडाची साल पिंपळाला लावली होती: बिल्ला खरा, पण ठोकळा दुसराच.

मग खरा तीन नंबर कुठे होता? आणि तो आत्ता कुठल्या तरी कपाटात सुकत पडला असेल, तर सापडूनही त्याचा उपयोग नव्हता.

२

"तीन क्यूब नसतील तर निकाल नाही," नवे सर म्हणाले. "निकाल नसेल तर मातीची भट्टी या महिन्यात बंद. नियम मी केलेला नाही, बाई."

नवे सर माणूस वाईट नव्हता, फक्त कोरडा होता. त्यांचा विश्वास मातीवर नव्हता, वायूवर होता. कारखान्याच्या धुराड्यातला कार्बन वायू पकडायचा, एका बंद पेटीत सोडायचा आणि ताज्या काँक्रीटला तो पाजायचा, ही त्यांची वाट. त्यांच्या पेटीत असे पन्नास ठोकळे एकावर एक रचलेले असत. सगळे कोरडे. पाण्यात टाकले असते तर तेही बुडबुडले असते.

"तुमचा माझ्यावर संशय आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे," वजनबाई म्हणाल्या. "भट्टी बंद झाली तर तिची जागा तुमच्या पेट्यांना मिळेल."

"मिळेल. आणि काल दुपारी मी टाकीच्या खोलीत गेलोही होतो, थर्मामीटर आणायला." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "पाच वाजता मला समितीला फोन करावा लागेल. तोवर तुम्ही शोधा. तुमच्या स्टोअरमधून कधी खिळा हरवलेला मी ऐकला नाही."

बाहेर आल्यावर वजनबाई जिन्यात जरा थांबल्या. त्यांना भट्टीची काळजी होतीच, पण खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती त्यांनी आजवर कोणाला सांगितली नव्हती. सर अंथरुणाला खिळल्यावर एकदा त्यांचा फोन आला होता. आवाज ओढलेला. "वर्षाचा आकडा मला तुम्ही सांगायचा," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाकडून ऐकायचा नाही मला." आठ दिवसांनी ते गेले. बावीस वर्षं वजनबाईंनी त्या माणसाला माती तोलून दिली. त्यांचं त्याच्यावर प्रेम होतं. त्याला ते ठाऊक होतं की नाही, हे तेवढं कुठल्याच काट्यावर त्यांना मोजता आलं नाही. त्याने मागितलेली एकच गोष्ट त्यांच्याकडे उरली होती, आणि तीच कोणीतरी उचलून नेली होती.

३

सरांची विद्यार्थिनी चष्मिस टाकीशेजारी बसून रडत होती. तिचा प्रबंध याच तीन क्यूबवर उभा होता, त्यामुळे रडणं साहजिकच होतं.

"काल दुपारी बारा वाजता मी पाण्याचं तापमान घेतलं, बाई. एकही बुडबुडा नव्हता. संध्याकाळी सहाला कुलूप लावलं तेव्हा झाकण उघडलं नाही."

म्हणजे बारा ते सहा. वजनबाईंनी मनात खूणगाठ बांधली. "तीन नंबरच का गेला असेल, गं? एक का नाही, दोन का नाही?"

चष्मिसने चष्मा पुसला. "तीन नंबरवर सरांचा अंगठा आहे. काँक्रीट आळलं का ते बघायला ते नेहमी अंगठा टेकवायचे ना, तसा. वरच्या बाजूला. तो खड्डा त्यांनी बुजवलाच नाही. मी रोज झाकण उघडून बघायचे."

"हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच. शोकसभेत मीच बोलले होते. तुम्ही त्या दिवशी आला नव्हता."

वजनबाई गेल्या नव्हत्या हे खरं. सभेत कुठल्या खुर्चीत बसायचं, घरच्यांच्या रांगेत की नोकरांच्या, हे त्यांना ठरवता आलं नव्हतं.

"काल दुपारभर तू कुठे होतीस?"

"ग्रंथालयात. एकटीच." ती एकदम ताठ झाली. "किल्ली माझ्याकडेही असते, तेच विचारायचंय ना तुम्हाला? पण मी तो नेला असता तर माझाच प्रबंध बुडवला असता."

"प्रेमात माणसं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात," वजनबाई म्हणाल्या. त्यांना त्याचा अनुभव होता.

क्यूब फोडायच्या मशीनवर पैलवान होते. ते मशीनच्या तव्यांना तेल लावत होते, पण नजर वर करत नव्हते. त्यांनी उद्याची रजा टाकलीय, हे वजनबाईंनी फळ्यावर वाचलं होतं.

"उद्या एवढी मोठी परीक्षा आणि तुम्ही रजेवर?"

"कंबर धरलीय."

"पैलवान."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "पंचवीस वर्षं त्यांच्यासाठी क्यूब फोडले, बाई. पण त्यांचा अंगठा मशीनखाली घालायला माझा हात धजत नाही. दुसऱ्या कोणाला तरी सांगा." मग चोरटेपणाने म्हणाले, "तरी मी नेला नाही. आठ किलो उचलायला मला जड नाही, हे तुम्ही म्हणाल. पण कंबर खरंच दुखते. काल वहिनींची बॅग चढवून दिली, तिथेच उसण भरली."

"वहिनी आल्या होत्या?"

"सरांची पुस्तकं द्यायला. चाकांची बॅग होती, पण दाराशी चार पायऱ्या. चढवली मी, उतरवलीही मीच. पुस्तकं इथे ठेवली तरी बॅग जडच होती बघा. ओझी उचलायचं वय गेलं आता."

वजनबाई मान डोलावून निघाल्या. त्या स्टोअरपर्यंत पोचल्या आणि मध्येच थबकल्या. मग मागे वळल्या आणि कपाटावर ठेवलेली सरांची पाच पुस्तकं उचलून काट्यावर ठेवली. तीन किलो तीनशे. एवढ्याने पैलवानांच्या कमरेत उसण भरत नाही.

४

पण नुसत्या एका बॅगेवरून सरांच्या पत्नीवर आळ घेणं वजनबाईंच्या जिवावर आलं. आणि त्यामागे आणखी एक कारण होतं: वहिनीच चोर निघाव्यात असं मनाच्या कुठल्या तरी कोपऱ्याला वाटत होतं, आणि त्या कोपऱ्याची त्यांना लाज वाटली. म्हणून त्यांनी आधी ठोकळ्यालाच विचारायचं ठरवलं.

छिन्नी लावून त्यांनी खोट्या क्यूबचा एक खालचा कोपरा उडवला आणि ताज्या जखमेवर बाटलीतलं औषध फवारलं. या औषधाचा गुण साधा आहे. जिथे सिमेंट अजून ताजंतवानं आहे तिथे ते गर्द गुलाबी होतं. जिथे सिमेंटने हवेतला कार्बन ओढून घेतलाय, तिथे रंग चढत नाही. पाण्यातला क्यूब कडेपर्यंत गुलाबी होतो. नव्या सरांच्या पेटीतला आतपर्यंत पांढराच राहतो, कारण त्याला पोटभर वायू पाजलेला असतो.

हा ठोकळा दोन्ही नव्हता. कडेला सहा-सात मिलिमीटरचा पांढरा पट्टा होता, आणि आत गुलाबी.

"सर," त्यांनी नव्या सरांना हाक मारून बोलावलं, "तुम्ही सुटलात. हा तुमच्या पेटीतला नाही. हा कुठल्या तरी साध्या खोलीत, साध्या हवेत वर्षभर बसून होता."

नवे सर वाकून बघत राहिले. "मातीच्या सिमेंटचाच आहे पण. पट्ट्याची रुंदी तेच सांगते. तुमच्या सरांचं सिमेंट आमच्यापेक्षा लवकर कार्बन ओढतं." मग त्यांनी बोटाने तळाची बाजू दाखवली. "इथे मात्र पट्टाच नाही. तळाला हवा लागली नाही?"

तळ कडेपर्यंत गुलाबी होता. वजनबाईंनी त्यावरून नख फिरवलं. वाळलेला डिंक निघाला, आणि डिंकाला चिकटलेला हिरव्या लोकरी कापडाचा एक धागा.

प्रयोगशाळेत कोणी ठोकळ्याखाली कापड चिकटवत नाही. इथली फरशी ओरखड्यांनीच भरलेली आहे. फरशीला चरा पडेल याची काळजी घर चालवणाऱ्या माणसाला असते.

त्यांनी पुन्हा वर्षापूर्वीची वही उघडली. त्या दिवशी सरांनी माती, वाळू आणि खडी किती नेली, याची नोंद त्यांच्याच हातची होती. तीन क्यूबना लागते त्यापेक्षा एका क्यूबभर जास्त. तेव्हा त्यांनी टोकलंही होतं, "सर, हे चारचं झालं." आणि सर हसून म्हणाले होते, "असू द्या. वारा सुटलाय सध्या." त्या उत्तराचा अर्थ लावायच्या फंदात त्या पडल्या नव्हत्या. सरांची अर्धी उत्तरं तशीच असायची. पण त्याच आठवड्यात सर घरातल्या मागच्या खोलीच्या दारावर चिडलेले असायचे, हे त्यांना आता आठवलं. ते दार वाऱ्याने सारखं आपटायचं.

चौथा क्यूब दार अडवायला घरी गेला होता. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

अडीच वाजले होते. वजनबाईंनी स्टोअरला कुलूप लावलं. बावीस वर्षांत भर दुपारी ते पहिल्यांदाच लागलं.

५

सरांच्या घरी त्या कधी गेल्या नव्हत्या. पत्ता मात्र पाठ होता.

घंटा वाजवली. कोणीतरी येत असल्याची चाहूल लागली, आणि त्याच वेळी आत, घराच्या मागच्या बाजूला, वाऱ्याने एक दार जोरात आपटलं.

वहिनींनी दार उघडलं. बारीक चणीच्या, केस अर्धे पांढरे, हातात ओला नॅपकिन.

"दार आपटतंय," वजनबाई म्हणाल्या.

"कालपासून," वहिनी म्हणाल्या. "या. तुम्हीच याल असं वाटलं होतं. तो म्हणायचा, वजनबाईंच्या नजरेतून गुंजभरही सुटत नाही."

त्या त्यांना सरळ न्हाणीघरात घेऊन गेल्या. तिथे मोठी बादली होती, पाण्याने काठोकाठ भरलेली, वर ओलं फडकं. फडक्याखाली तीन नंबर. एकही बुडबुडा नव्हता.

वजनबाईंचा जीव भांड्यात पडला. "सुकू दिला नाहीत."

"तीस वर्षं जेवताना तेच ऐकलंय. क्यूब सुकता कामा नये, क्यूब सुकता कामा नये. बॅगेतही ओल्या टॉवेलात गुंडाळून आणला. पाण्यात चुनासुद्धा टाकलाय." वहिनी बादलीच्या काठावर हात ठेवून उभ्या होत्या. "पण कोरडा पाण्यात टाकला की बोंब मारतो, हे तो कधी बोलला नाही."

"नाही. आम्हाला ते माहीतच असतं, म्हणून कोणी बोलत नाही."

"मी तो परत देणार नाही." हे वहिनींनी आवाज न चढवता सांगितलं. "शोकसभेत त्या पोरीने अंगठ्याचं सांगितलं, तेव्हापासून मला दुसरं काही सुचलेलं नाही. त्याचे कपडे धुऊन वास गेला. फोटोत तो हसतो, तसा तो हसायचा नाही. त्याचा अंगठा तुमच्या टाकीत, तुम्ही रोज बघणार, आणि मला काय, तर दार अडवायचा दगड. आणि उद्या तर तुम्ही तो फोडणार."

वजनबाईंनाही तो अंगठा हवा होता. हे माहीत असतं तर रोज झाकण उघडून त्यांनीही तो पाहिला असता, आणि कदाचित काल त्यांनीच तो उचलला असता. त्या मागच्या खोलीच्या दाराशी गेल्या. दार अडवायला आता एक स्टूल लावलं होतं, आणि ते दारासकट सरकत होतं. फरशीवर जिथे ठोकळा असायचा तिथे एक स्वच्छ चौकोन दिसत होता. खोलीत एकच पलंग.

"सर इथेच होते?"

"शेवटचे दोन महिने. खिडक्या बंद ठेवायला सांगितल्या होत्या. दार तेवढं उघडं."

वजनबाईंनी स्टूल हाताने धरून ठेवलं. मग सावकाश बोलल्या. "वहिनी, सिमेंट भट्टीत भाजताना वायू सोडतं, आणि पुढे आयुष्यभर तो हवेतून थोडाथोडा परत घेत राहतं. बाहेरून आत, अगदी हळू. सकाळी मी तुमच्या ठोकळ्याचा कोपरा उडवला. वर्षभरात त्याने सहा-सात मिलिमीटर घेतलंय. त्यातलं सगळ्यात वरचं पापुद्र्याएवढं पहिल्या दोन महिन्यांचं."

वहिनी एक पाऊल पुढे आल्या.

"त्या दोन महिन्यांत या खोलीतली हवा म्हणजे काय होतं? खिडक्या बंद. सरांचा श्वास होता तो. थोडा तुमचा. तो त्या ठोकळ्याने घेतला आणि त्याचा दगड झाला. आता तो कुठे जात नाही. धुऊनही जात नाही."

वहिनींनी त्या स्वच्छ चौकोनाकडे पाहिलं. मग खाली बसल्या आणि त्यावर तळहात ठेवला.

"म्हणजे मी अंगठा आणला," त्या म्हणाल्या, "आणि त्याचा श्वास तुमच्या टाकीत टाकून आले."

"एक कोपरा गेलाय. बाकी शाबूत आहे. मी तो काट्याशेजारी, कोरड्यात ठेवलाय."

आतापर्यंत वहिनी रडल्या नव्हत्या. आता रडल्या. वजनबाई स्टूल धरून उभ्या राहिल्या, दार आपटू नये म्हणून.

"तुम्हाला हा का फोडायचाय?" शेवटी वहिनींनी विचारलं. "खरं सांगा. भट्टीसाठी?"

"त्यांनी मला सांगितलं होतं, वर्षाचा आकडा तुम्ही मला सांगायचा म्हणून." आजवर कोणाला न सांगितलेली गोष्ट त्यांनी नेमकी याच बाईला सांगितली.

वहिनींनी डोळे पुसले. "इथूनच केला होता तो फोन. मीच नंबर लावून दिला." त्या उठल्या. "चला, बादलीला हात लावा. एकटीला उचलणार नाही. पण उद्या मी तिथे असणार."

साडेचारला वजनबाईंनी नव्या सरांच्या दारावर टकटक केली आणि फोनची गरज नाही एवढंच सांगितलं. कुठे सापडला, हे नव्या सरांनी विचारलं नाही. तेवढा ओलावा त्यांच्यात होता.

६

पैलवानांनी रजा मागे घेतली. "दुसऱ्या कोणी वेडावाकडा ठेवला तर?" एवढंच ते म्हणाले.

पहिला क्यूब फुटला. दुसरा फुटला. नवे सर आकडे वाचत होते, चष्मिस लिहीत होती. समितीला पन्नास हवे होते. पहिल्याने एक्कावन्न दिले, दुसऱ्याने बावन्न.

तिसरा पैलवानांनी दोन्ही हातांनी उचलला. क्यूब आडवा ठेवतात, वरची खडबडीत बाजू कुशीला येईल असा, म्हणजे दाब सपाट बाजूंवर पडतो. अंगठ्याची बाजू समोर आली. तुकडे उडू नयेत म्हणून असलेली जाळी लावण्याआधी पैलवानांनी त्या बाजूखाली घडी करून स्वतःचा पंचा अंथरला.

काटा चढू लागला. तीस, चाळीस, पंचेचाळीस. पन्नासला वहिनींनी वजनबाईंचा हात धरला. एक्कावन्न, बावन्न. मग एक दबका आवाज झाला, आणि चारी कुशींचे पापुद्रे सुटून खाली पडले. पैलवानांनी त्याच क्षणी दाब सोडला.

"त्रेपन्न," नवे सर म्हणाले. मग चष्मा काढून पुन्हा म्हणाले, "त्रेपन्न पूर्णांक चार. भट्टी चालू राहील."

वजनबाई खिडकीशी गेल्या. बाहेर भट्टीचं धुराडं दिसत होतं आणि त्यापलीकडे नुसतं आभाळ होतं. "त्रेपन्न पूर्णांक चार, सर," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, वजन सांगताना असायचा तसा.

मागे वळल्या तेव्हा वहिनी पंचा उलगडत होत्या. अंगठ्याचा पापुद्रा पंच्यावर पडला होता, हाताच्या पंजाएवढा, एका कडेला तडकलेला, पण खड्डा अख्खा होता. वहिनींनी त्यात आपला अंगठा ठेवून पाहिला. मग तो तुकडा त्यांनी वजनबाईंच्या पुढे धरला.

"ठेवून बघा."

"नको, वहिनी."

"बघा तर."

वजनबाईंनी अंगठा टेकवला. खड्डा ओला होता, गार, आणि त्यांच्या अंगठ्याला मोठा होता. बावीस वर्षांत त्यांनी सरांच्या हाताला कधी हात लावला नव्हता. माती देताना घमेल्याचा एक काठ त्यांच्या हातात असायचा, दुसरा सरांच्या.

"राहू दे तुमच्याकडे," वहिनी म्हणाल्या. "मी माझा दगड घरी नेते. दार आपटतंय."

पैलवानांनी चाकांची बॅग चार पायऱ्या उतरवून दिली. वजनबाई स्टोअरमध्ये आल्या. काटा टेबलावर होता, वही उघडी होती, आजची तारीख घातलेली. त्यांनी तो तुकडा काट्याजवळ नेला, थोडा वेळ तसाच धरला आणि मग वजन न करता आपल्या पर्समध्ये ठेवला.